दस्ता तडकला आहे

तंजावूर,
६ ऑगस्ट २०२५

वेंकटा,

पत्राच्या माथ्यावर थोरल्या बहिणीनें आशीर्वाद लिहायचे असतात. या वेळीं लिहीत नाही. ते माझ्याकडे ठेवलेत, तुझी अक्कल ठिकाणावर आली की पाठवीन.

तुझा कागद स्पीड पोस्टानें पोचला. अप्पांची दुनळी बंदूक जावयाच्या, प्रवीणकुमारच्या नांवें करायला माझी हरकत नाही, असं त्यांत लिहिलेलं. खालीं तुझी सही, आणि माझ्या जागीं पेन्सिलीनें फुली. जन्मभर शाळेंत पोरांच्या वह्यांवर मी फुल्या मारल्या. आतां तूं मला फुली दाखवितोस.

सही करणार नाही. फोनवर तेंच सांगत होतें, तर तूं मध्येंच ठेवलास. म्हणून लिहितें. कागद कितीही संताप आला तरी मध्येंच बोलायचा थांबत नाही. आणि हें एक बरं आहे की या गल्लींत नागरी वाचणारी आतां मीच उरलें. पुढच्या भागांत भाड्यानें राहणाऱ्यांना वाटतं, अक्का देवाचं स्तोत्र लिहिते.

अप्पा गेल्यापासून ती बंदूक तिरुचीच्या दुकानांत सांभाळायला ठेवलेली आहे, आपल्या दोघांच्या नांवानें. तिथें ती कोणाच्या अध्यांत ना मध्यांत. तुझ्या जावयाला रानडुकरांसाठीं लायसन मिळालं, मिळूं दे. पापनाशमला त्याचं शेत आहे, डुकरं असतील. पण त्याच घरांत तुझी लेक राहते, त्याचं काय? संक्रांतीला जननी माझ्याकडे आली, तेव्हां तिच्या मनगटाला पट्टी होती. काय झालं विचारलं, तर उत्तर त्यानें दिलं. कॉफींत साखर किती हें विचारलं, तेंही त्यानेंच सांगितलं. ती खालीं बघून हंसली. तुझ्या लेकीला मी परकरांत बघितली आहे, ती अशी हंसत नव्हती.

त्या घरांत मी बंदूक जाऊं देणार नाही. निदान अप्पांच्या रीतीनें बघून आल्याशिवाय नाही. अप्पांनीं कधीं गिऱ्हाइकाच्या घरीं गेल्याशिवाय कोणाला बंदूक मिळवून दिली नाही, तें तुला आठवत असेल. मी पापनाशमला जाऊन येतें, मग लिहितें. तोंवर जावयाला सांग, गप बैस.

ताराबाई


नाशिक,
१४ ऑगस्ट २०२५

अक्का,

पत्र वाचलं, दोनदा. पहिल्यांदा राग आला आणि दुसऱ्यांदा जास्त आला.

आधी मनगटाचं. जननी न्हाणीघरात पाय घसरून पडली. हे तिने मला स्वतः सांगितलंय, तेव्हाच. जावई तिच्या वतीने बोलतो कारण ती लहानपणापासून अबोल आहे. तू शिक्षिका होतीस, तुला प्रत्येक गोष्टीत चूक सापडते. पोरीचा संसार चांगला चाललाय, त्यात लुडबूड करू नकोस. स्वतःचा संसार नसला की माणसाला दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात डोकवायची सवय लागते. बोलायचं नव्हतं, पण तू बोलायला लावलंस.

आता अप्पांच्या रीतीचं. ती रीत मला चांगली आठवते, तू आठवण करून द्यायची गरज नाही. मोठ्या वाड्यामागच्या गल्लीत आपलं दुरुस्तीचं दुकान. अप्पा बंदुकांचे लाकडी दस्ते बनवायचे, खांद्याला लावायचा तो भाग. अख्ख्या कावेरीकाठी तसा हात कुणाचा नव्हता म्हणतात. ज्याला बंदूक विकायची तो त्यांना गाठायचा आणि ज्याला घ्यायची तोही त्यांनाच. लायसनवाला माणूस स्वतः चालून यायचा, पसंत करायचा, सगळं ठरायचं. मग अप्पा कोट चढवून, आईला बरोबर घेऊन त्याच्या घरी जेवायला जायचे आणि परत आले की निरोप धाडायचे: दस्ता तडकला आहे, दुरुस्तीला वेळ लागेल. संपला व्यवहार! ज्या माणसाचं सगळं नाव दस्त्यांवर, त्याचाच दस्ता दर वेळी तडकतो. शाळेत पोरं मला काय म्हणायची ठाऊक आहे? "ए तडकलेल्या." मी वर्गात आलो की मागच्या बाकावरून कडकड आवाज काढायची. अप्पांना धंदा कधी जमला नाही, आणि त्याची लाज मी वाहिली. मी तंजावूर का सोडलं असं तू नेहमी विचारतेस ना, हे एक कारण धर.

आता जग बदललंय, अक्का. प्रवीणकुमारने लायसनचा अर्ज घरबसल्या भरला. दुकानवाल्याने फोनवर बंदुकीचे फोटो धाडले, त्याने पाहिले, पसंत केली. कॉफी उकळायच्या आत काम झालं. कुणाच्या घरी जेवायला जायचं कारण उरलेलं नाही. त्याला खंडेनवमीला बंदूक हवी आहे. घरच्या शस्त्रांची पूजा करायची, त्यात आजेसासऱ्यांची बंदूक असावी, एवढीच इच्छा. आपल्याकडे तलवार नुसती गंजत पडली, त्यांच्या घरी निदान पूजा तरी होईल.

फुली तिथेच आहे. सही कर आणि पाठव.

वेंकट


तंजावूर,
२९ ऑगस्ट २०२५

वेंकटा,

संसार नाही म्हणून मला टोचलंस, तें ठेवून घेतलं. त्याचं उत्तर देत नाही, कारण आज मला त्याहून मोठ्या गोष्टीचा संताप आहे.

आधीं अप्पांचं सांगतें. तुला हें ठाऊक नव्हतं याचा मला राग येत नाही, कारण पुरुषांना तें सांगायचंच नसे. अप्पा सोडून. मला आईनें सांगितलं, तेंही मी मोठी झाल्यावर.

तेव्हां बंदूक घ्यायची म्हणजे बाजारांत जाऊन विचारायची वस्तू नव्हती. दुकान तिरुचीला एक, मदरासेला दोनचार. पेपरांत कधीं कोपऱ्यांत दोन ओळी यायच्या. बाकी सगळं तोंडीं चालायचं. लग्नांत, देवळांत, बसच्या रांगेंत कोणी कोणाच्या कानाशीं लागे, की अमक्याची चीज आहे, रघोजीरावांना विचार. मग माणूस आपल्या दारापुढच्या तिण्ण्यावर येऊन बसे. पाऊस, पीक, कावेरीचं पाणी सगळं बोलून होई, बंदुकीचं नांव नाही. दुसरा टंबळर कॉफी झाली की मग विषय निघे. अप्पा लायसन बघत, हात बघत, आणि म्हणत, एकदां तुमच्या घरीं येतों.

घरीं गेलं की अप्पा त्या माणसापाशीं बाहेर बसत आणि आई आंत जाई. चुलीपाशीं बसून ती घरच्या बाईला म्हणे, तहान लागली हो, पाणी द्या. एवढंच. बाईला घरांत बंदूक चालणार असली तर ती पाणी देई. नक्को असली तर म्हणे, पाणी नाही. आपल्या या मुलुखांत, वेंकटा, दारीं आलेल्याला कोण पाणी नाही म्हणतं? वैरी आला तरी म्हणत नाहीत. म्हणून त्यांत चूक व्हायला जागाच नव्हती. पापनाशमपासून कुंभकोणमपर्यंतच्या बायका हें जाणून होत्या, आणि एकीनेंही तें नवऱ्याला सांगितलं नाही.

आई बाहेर येऊन म्हणे, निघूं या, मला तहान लागली आहे. अप्पा उठत. आठवड्यानें निरोप धाडत, दस्ता तडकला आहे. तिरुचीच्या दुकानालाही तोच निरोप जाई, आणि मग त्या माणसाला कुठेंच बंदूक मिळत नसे. दस्ता कधींच तडकलेला नव्हता रे. तडकला म्हटलं की माणूस अप्पांना नांवं ठेवी, बायकोला नाही. त्या बायकांच्या पाठीवरचं अप्पांनीं आपल्या नांवावर घेतलं. आणि तूं आजवर त्यांना धंदा न जमलेला माणूस म्हणतोस! मला तुझी कींव करावी की तुझ्या कानशिलांत द्यावी, कळेनासं झालंय.

आतां पापनाशमचं. परवां गेलें. प्रवीणकुमारनें हॉलच्या भिंतींत दोन मोठे आंकडे ठोकून ठेवलेत, बंदूक अडकवायला. मोठ्या हौसेनें मला दाखविले. मी आंत गेलें, तो मागोमाग येऊन दाराला टेकून उभा राहिला. त्याची आई अंबाबाई कोपऱ्यांत शेवग्याचा पाला निवडीत होती, तिनें मान वर केली नाही. जननी ओट्यापाशीं. मी म्हटलं, पोरी, उन्हांतून आलें, तहान लागली, पाणी दे.

ओट्याखालीं पाण्याचे तीन पितळी कुडम भरलेले होते. काठोकाठ. त्यांतला एक तिच्या पायाला लागला आणि पाणी सांडलं, तेवढा भरलेला. तिनें माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "पाणी नाही, आत्या."

जावई हंसला, ही वेडीच आहे म्हणाला, आणि माझ्यासाठीं गोळी सोडा आणायला स्वतः बाहेर गेला. मी तो प्यालें नाही.

आतां मला परत विचारूं नकोस. तूं आपली सही मागें घे.

ताराबाई


नाशिक,
८ सप्टेंबर २०२५

अक्का,

अप्पांचं लिहिलंस ते मला ठाऊक नव्हतं, हे कबूल करतो. खरं असेल तर मोठं काम होतं. पण ते तेव्हाचं. आणि त्या जुन्या गोष्टीवर तू आज जो डोलारा उभा केलास, तो मी मान्य करणार नाही.

मला एवढंच सांग, जननीला ही खूण कुणी शिकवली? पोरगी नाशिकला वाढली. इथल्या शाळेत शिकली, इथल्या कॉलेजात. आपली आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. तिच्या आईला, विनुताला, ठाऊक असतं तर तिने मला सांगितलं असतं, तिच्या पोटात काही राहत नसे. तू शिकवलीस का? तसं तू कुठे लिहिलेलं नाहीस. मग? जिला खूण ठाऊकच नाही तिने खूण दिली, असं तू म्हणतेस. एवढी वर्षं गणित शिकवलंस, जरा हिशेब कर.

मी जननीला फोन केला. जावईही होता, स्पीकर लावला होता. मी विचारलं, आत्याला पाणी का नाही दिलंस? ती म्हणाली, कुडमातलं पाणी बोअरचं आहे, पिण्याचं नाही, गाळणी बिघडली होती. झालं! सरळ साधं कारण. जावई हसून हसून लोटपोट झाला. मला तुझ्यामुळे मान खाली घालावी लागली.

आणखी एक ऐक. जावयाने त्या दिवशी मला पहिल्यांदाच सांगितलं की त्याच्या वडिलांनी, गुरुमूर्तीरावांनी, अप्पांकडे बंदूक मागितली होती. अप्पा त्यांच्या घरी जेवून आले आणि निरोप धाडला, दस्ता तडकलाय. बाजारात लोक त्यांना हसले, की रघोजीराव यांच्याकडे जेवले आणि वर यांनाच टांग दिली. ते दुखणं घेऊन माणूस मेला म्हणे. म्हणून प्रवीणकुमारला हीच बंदूक हवी आहे, दुसरी नको. मला वाटतं, आपल्या घराकडून झालेला अपमान आपल्या घराने फेडावा. जावयाचा मान राहतो, पोरीचा सासरी मान राहतो. बापाला आणखी काय हवं असतं?

नवमी जवळ आली. तुझी सही तोवर आली नाही तर मी वकिलाकडे जाईन. आणि मग तुझं माझं संपलं असं समज. हे मी रागात लिहिलेलं नाही. होय, रागातच लिहिलंय, पण शुद्धीवर आहे.

वेंकट


तंजावूर,
२० सप्टेंबर २०२५

वेंकटा,

हिशेब कर म्हणालास. केला. आतां तूं वाच, आणि बसून वाच.

काल प्रदोष होता. प्रदोषाला मोठ्या देवळांत जातें असं घरीं सांगून तुझी विहीणबाई बसनें तंजावूरला आली. देवळांत गेली नाही, थेट माझ्याकडे. तिण्ण्यावर बसवलं तर म्हणाली, आंत बसूं या. इतक्या वर्षांत त्या बाईचे दोन शब्द मी सलग ऐकले नव्हते. काल ती बोलत होती आणि मी ऐकत होतें.

जननीला खूण कोणी शिकविली म्हणून विचारलंस ना? अंबाबाईनें. मी यायचं कळलं त्याच दिवशीं शिकविली, मसाला वाटतां वाटतां. म्हणाली, ती रघोजीरावांची लेक आहे, ती पाणी मागेल, मनांत असेल तें सांग.

आणि तिला कुठून ठाऊक? गुरुमूर्तीराव बंदूक मागायला आले होते, अप्पा आणि आई त्यांच्या घरीं गेले होते, हें तूंच मला लिहिलंस. त्या दिवशीं आंत चुलीपाशीं कोण होतं, तें तुझ्या जावयानें सांगितलं नाही, कारण त्याला ठाऊक नाही. अंबाबाई होती. नवी नवरी, पोटांत हाच प्रवीणकुमार. आईनें पाणी मागितलं आणि ती म्हणाली, पाणी नाही.

मी तिला विचारलं, मग काय झालं? तिनें जें सांगितलं तें तिच्याच शब्दांत लिहितें, एक अक्षर बदलत नाही. "बंदूक नाही मिळाली म्हणून तो चिडला. हातानें मारलं, पट्ट्यानें मारलं. जन्मभर मारलं. पण घरांत बंदूक नव्हती, म्हणून आज तुमच्यासमोर बसलें आहे."

मग ती म्हणाली, पोरगा बापावर गेला. मनगट न्हाणीघरांत मोडलं नाही, पिरगाळलं. तेव्हां ती मध्यें पडली तर तिलाही ढकललं. आंकडे ठोकले त्या दिवशीं त्यानें बायकोला त्या भिंतीखालीं उभी केली आणि म्हणाला, आतां वर बघून बोलत जा. तुला ऐकायला आलं काय, वेंकटा? त्या खेळाला तूं सही करून दिलीस, पेन्सिलीची फुली मला काढून पाठविलीस, आणि वर माझ्याकडे मानाचं बोलतोस.

फोन स्पीकरवर होता म्हणालास. म्हणजे तो समोर बसला होता. त्याच्यासमोर तूं तिला विचारलंस, आत्याला पाणी का दिलं नाहीस! अरे, आईनें एवढ्या बायकांना विचारलं तें चुलीपाशीं, एकटीला, आणि नुसतं पाणी मागून. तूं पोरीला तिला मारणाऱ्यापुढें उभी करून जबाब घेतलास. तिनें गाळणीचं खोटं सांगितलं, तें त्याला नाही, तुला सांगितलं. बाप ऐकणार नाही हें तिला कळून चुकलं होतं. तुझा जावई हंसून लोटपोट झाला आणि तूंही त्याच्यासंगतीं हंसला असशील.

मी गेलें असतें आणि तिला हाताला धरून आणली असती. पण अंबाबाई म्हणाली, आत्यानें नेली तर तो म्हणेल म्हातारी डोक्यानें गेली आहे, आणि पोरीचा बापच त्याच्या बाजूनें बोलेल. खरं म्हणाली. म्हणून तूं ये. वकिलाकडे जाणार होतास ना? गाडींत बैस आणि इकडे ये. पोरीला स्वतः जाऊन विचार. कसं विचारायचं तें आतां तुला ठाऊक आहे.

अंबाबाईला बसवर सोडायला गेलें. प्रसाद नेला नाही तर संशय येईल, म्हणून कोपऱ्यावरून विभूतीची पुडी विकत घेऊन दिली.

ताराबाई


नाशिक,
६ ऑक्टोबर २०२५

अक्का,

तुला न भेटता परत आलो, ह्याचा तुला राग आला असेल. येऊ दे. मला तोंड दाखवायचं नव्हतं, आणि पोरीला एक क्षण जास्त तिकडे ठेवायचं नव्हतं.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघालो. फोन केला नाही, सांगितलं नाही. नवमीच्या आदल्या दिवशी पापनाशमला उतरलो. दारावर आंब्याची पानं लागली होती, हॉलमध्ये चौरंग मांडला होता, त्यावर तलवार, कोयता, ट्रॅक्टरची किल्ली, आणि मधली जागा रिकामी. त्याच्या वर भिंतीवर ते दोन आकडे. आकड्यांना आधीच झेंडूची माळ घातली होती. जावई पाया पडला. अहो बाबा, बंदूक घेऊन आलात काय, असं हसत विचारलं. मी म्हटलं, आधी पोरीला भेटतो.

तो मागून यायला निघाला. अंबाबाईंनी त्याला हाक मारली, सामोराणीचा धूप घालायला निखारे काढून दे म्हणाल्या. पोराला त्या बाईने एवढ्या जोरात हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नव्हती. तोही चमकला आणि गेला.

जननी ओट्यापाशी उभी होती. बारीक झाली आहे, अक्का. एवढी मुळाक्षरं मी तिच्याकडून गिरवून घेतली, आणि एवढंसं वाक्य मला म्हणता येईना. शेवटी म्हटलं, "जनू, तहान लागली गं. पाणी दे."

ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी खूण म्हणून विचारतोय की खरंच पाणी मागतोय, हे तिला ठरवता येत नव्हतं. माझ्याच पोरीला माझी एवढी खात्री नव्हती. मग मी म्हटलं, आत्याने सांगितलंय मला सगळं. तेव्हा ती म्हणाली, "पाणी नाही, बाबा." आणि ओट्याला धरून खाली बसली.

मी बाहेर आलो. वाटत होतं, तो कोयता उचलावा. खरंच वाटलं, लपवत नाही. पण मला अप्पा आठवले. कोट घालून, सोप्यावर, दुसऱ्याच्या घरची कॉफी पिऊन शांतपणे उठणारे. त्यांनाही असंच वाटत असेल का गं, प्रत्येक वेळी?

मी जावयाला म्हटलं, बंदूक मिळणार नाही. दस्ता तडकला आहे.

तो हसायचा थांबला. म्हणाला, मागच्या आठवड्यात तिरुचीला जाऊन मी स्वतः खांद्याला लावून बघितली आहे, दस्त्याला काही झालेलं नाही. मी म्हटलं, तडकला आहे. तो म्हणाला, खोटं बोलता. मी म्हटलं, हो. माझ्या बापाने तुझ्या बापाला सांगितलं तेच सांगतोय. तडकला आहे.

मग तो ओरडायला लागला, त्यात मला, अप्पांना, तुला सगळ्यांना घेतलं. शेजारचे दारात आले. बरंच झालं आले ते. जननी बाहेर आली, तिच्या हातात पिशवी होती. ती पिशवी अंबाबाईंनी तांदळाच्या पिंपामागे आधीच भरून ठेवली होती. तो आडवा यायला लागला तेव्हा अंबाबाई मध्ये उभ्या राहिल्या, हातात निखाऱ्यांचं धुपाटणं. आम्ही बाहेर पडलो.

तिथून टॅक्सीने तिरुचीला. दुकानात माझी सही मागे घेतली. लायसनला हरकत म्हणून अर्ज दिला, मारहाणीची तक्रार दिली, जननीने स्वतः लिहून दिलं, मनगटाचं, भिंतीचं, सगळं. लायसन चौकशीवर गेलंय.

मला तुझाही राग आहे. संक्रांतीला पट्टी बघितलीस तेव्हाच माझ्या मुस्कटात मारून का नाही सांगितलंस? पण सांगितलं असतंस तरी मी तुला संसार नाही म्हणूनच टोचलं असतं. ते मी लिहिलेलं वाक्य जननीने वाचलं. तुझी सगळी पत्रं आणि माझ्या उत्तरांचे मसुदे तिने वाचून काढले, मी नाही म्हटलं नाही. त्या वाक्यावर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

आज सकाळी कचरा न्यायला बाई आली. जननी आधी पाणी घेऊन गेली. काल गॅसवाल्यालाही दिलं. कुणीही दारात आलं की ती पाणी घेऊन उठते.

वेंकट


तंजावूर,
१८ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव वेंकटास आणि चिरंजीव जननीस, ताराबाईचे अनेक आशीर्वाद. अडवून ठेवलेले सगळे एकदम पाठवितें, मोजून घेऊं नका.

राग गेला असं समजूं नकोस. तूं दारावरून गेलास आणि मला भेटला नाहीस, त्याचा वेगळा आहे, तो दिवाळीला आलास की काढीन.

मी तिरुचीला जाऊन बंदूक सरकारांत जमा करायची व्यवस्था केली. तुझी संमती होतीच. देण्याआधीं दुकानदारानें ती माझ्या हातांत दिली. मी दस्त्यावरून हात फिरवला, वरून खालून, चष्मा लावून बघितलं. कुठें एक रेघही नाही रे. अप्पांनीं पॉलिश केलेलं तसंच आहे. मला दुकानांतच रडूं आलं, आणि दुकानदाराला वाटलं म्हातारीला बंदूक सोडवत नाही.

येतांना तंजावूरला न उतरतां तशीच पुढें पापनाशमला गेलें. अंबाबाईला माझ्याकडे आणायचं ठरवूनच गेलें होतें. प्रवीणकुमार घरींच होता, पेपर तोंडासमोर धरून. मी त्याच्याकडे बघितलं नाही. अंबाबाईला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती म्हणाली, हें घर माझ्या नांवावर आहे, सासऱ्यांनीं केलं. कोणी जायचं असलं तर त्यानें जावं, हें मी त्याला सांगितलंय, आणि पुन्हा हात उचललास तर सुनेनें लिहून दिलं तसं मीही लिहून देईन म्हणाली. तो हें सगळं ऐकत होता. पेपराचं पान उलटलं नाही.

भिंतीवरचे ते दोन आंकडे काढायला सुतार मिळेना, म्हणून तिनें एकावर सूप अडकवलंय आणि दुसऱ्यावर पिठाची चाळण. स्वयंपाकघरांत जागा नव्हती, बरं झालं म्हणाली.

मी निघायला उठलें. मी कांही मागितलं नव्हतं. ती आंत गेली आणि पितळेचा सोंबु पाण्यानें भरून घेऊन आली, त्याच्यासमोरून, हॉलमधून. माझ्या हातांत दिला आणि म्हणाली, "घ्या. तुमच्या आईचं राहिलं होतं."

मी उभ्यानेंच सगळं प्यालें.

ताराबाई